तेल गप्प होतं तेव्हा

माका इथे मिळत नाही.
मिळतो तो कॅप्सूलमध्ये, आणि डबीवर
एक बाई वाऱ्यात केस सोडून हसते.
मग जास्वंद घाल, कुमुदआत्या म्हणते तासगावहून.
जास्वंद माझ्याकडे एकच, खिडकीतल्या कुंडीत,
ऑक्टोबरपासून रुसलेली. परवा तिनं एक फूल दिलं,
ते खुडताना शेजाऱ्याच्या कुंपणात
हात घातल्यासारखं वाटलं.

बाकी सगळं आहे. मेथी आहे.
शिकागोहून आणलेला कढीपत्ता, फ्रीजरमध्ये काळवंडलेला.
खोबरेल तेलाचा मिलवॉकीत दगड होतो,
सुरीनं कपचे पाडावे लागतात.

किती घेऊ, आत्या?
अगं, हाताला कळतं.

माझ्या हाताला एवढंच कळतं, की आंघोळीनंतर
जाळीवरचा गुंता उचलायचा,
कागदात गुंडाळायचा, निनाद आत यायच्या आधी.
रेवती पाच महिन्यांची झाली
आणि माझा भांग रुंदावतोय,
गवतातून जा-ये करून वाट पडावी तसा.
डॉक्टर म्हणाली, बाळंतपणानंतर होतंच, थांबा.
आत्या म्हणाली, माझे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत.
मी म्हटलं, माझे तर पांढरे व्हायलाही थांबत नाहीत.

"पानं टाकलीस की तेल बोलायला लागेल.
तडतडेल, चरचरेल. ते पाण्याचं भांडण.
आच बारीक ठेव, हलू नकोस तिथून.
आणि एकदम ते गप्प होईल.
गप्प झालं की उतरव.
आधी उतरवलंस तर खवट होतं, नंतर करपतं.
बघत बसू नकोस. ऐक."

रात्रीचे पावणेअकरा, बाहेर उणे चौदा.
मी कढईवर कान लावून,
तेल बोलतंय, बोलतंय,
जरा दम घेतंय,
आणि छतावरचा भोंगा कोकलला.

बावीस बिऱ्हाडं बर्फात उभी.
कुणी पायजम्यात, कुणी मांजर घेऊन,
निनादच्या कोटात रेवती, फक्त डोळे बाहेर.
मी गॅस बंद करून आले होते
पण तो क्षण, आत्याचा,
त्या भोंग्याखाली कुठे गेला ते कळलं नव्हतं.

कुणाचं काय जळलं? विचारलं मिसेस प्रूइटनी,
तिसरा मजला, डोक्याला जांभळी सॅटिनची टोपी.
मी शाळेतल्यासारखा हात वर केला.
केसांचं तेल.
आता ओरडतील, असं वाटलं.
त्या म्हणाल्या, कशात उकळतेस?
खोबरेलात.
"थोडं एरंडेल घाल. काळं असतं ते.
आणि थेट आचेवर कोण ठेवतं, पोरी?
माझी आई मिसिसिपीत रोझमेरी घालून करायची,
पत्र्याचा डबा उकळत्या पाण्यात ठेवून.
असा तमाशा नाही व्हायचा."
एरंडेल किती घालू?
त्यांनी हातमोजा काढला, तळव्याची खोलगट वाटी केली:
इतकं.
मग टोपीची कड बोटभर उचलून दाखवली.
"पुढचे गेले ते गेले. मागचे आहेत ते तिच्यामुळे.
किंवा असणारच होते. कुणास ठाऊक."

लाल मिशांचा एक बंबवाला
जिना उतरून आला, चिमट्यात माझी कढई,
मॅडम, हे खायचं आहे का?
बर्फात पहिल्यांदाच सगळे हसले,
मीही, आणि डोळ्यांतलं पाणी
पापणीवर टोचायला लागलं.

जुन्या ओढणीतून गाळलं. काळपट हिरवं,
किंचित करपलेलं. रविवारी लावलं,
सोमवारी जाळीवर तेवढाच गुंता.
आत्यानं विचारलं, गप्प झालं होतं ना?
मी हो म्हटलं.

तीन दिवस जिन्यात कढीपत्त्याचा वास.
लिफ्टमध्ये मॅनेजरनं कागद चिकटवला:
स्वयंपाक करताना पंखा लावावा.
त्याखाली कुणीतरी पेनानं,
थरथरत्या, मोठ्या अक्षरांत:
आणि डबा पाण्यात ठेवावा.