सहाव्या जागी

यंदा शिकाऊ चौघी. त्यांत हौरा हट्टी.
"समतोल म्हणजे काय ते एकदा नीट सांगा."
मी फळ्यावर लिहितो :
पी वर्ग अधिक दोन पीक्यू अधिक क्यू वर्ग
बरोबर एक.
अटी सांगतो. माणसं अमाप हवीत.
बाहेरचं कुणी यायचं नाही, आतलं कुणी जायचं नाही.
जोडीदार चिठ्ठी उचलल्यासारखा.
मरणानं कुणाला निवडायचं नाही,
आणि नक्कल उतरवताना एकही चूक नको.

ती हसते. "असं गाव कुठंय?"
कुठंच नाही.
म्हणून तर मोजता येतं,
आपलं गाव त्याच्यापासून किती सरकलं ते.

खिडकीबाहेर कतीफची खजुराची बाग,
मधोमध आटलेला झरा.
कधीकाळी इथं पाणी, पाण्यावर डास, डासांत हिवताप.
दोन्हीकडून साधं रक्त मिळालेली कितीतरी पोरं तापानं गेली,
दोन्हीकडून वाकडं मिळालेली, सांध्यांच्या कळांनी.
एक साधं, एक वाकडं घेऊन आलेली तगली जास्त.
त्यांनीच खजूर लावले, लेकी दिल्या, सुना आणल्या.
मग झरा आटला, डास गेले.
अक्षर राहिलं.
त्याला कळवायला कोण जाणार?

आज लग्नाआधीच्या तपासणीच्या दोन नळ्या,
दोन्हींत एकेक वाकडं.
चारांत एक, असं त्यांना सांगायचं,
आणि हेही, की दर खेपेला चारांत एक.
नाण्याला मागचा कौल आठवत नसतो.

सहाव्या जागी अ हवा, तिथं ट.
एवढीच चूक. पण चुकीचे शेजारी वेगवेगळे असतात,
आफ्रिकेत वेगळे, इथं वेगळे.
इथले शेजारी मी ओळखतो :
धडगावला माझ्या बहिणीच्या, रमीलाच्या रक्तात हेच.
पुस्तकात या ठेवणीचं नाव अरब-भारतीय.
गलबतातून आलं की पायी, इकडून तिकडे की तिकडून इकडे,
कुणी शपथेवर सांगत नाही.
माझ्या इकाम्यावर लिहिलंय : परदेशी.
तेही खरंच. मी स्थलांतर आहे,
जनुकप्रवाह नाही. करार संपला की परत.

थंडी पडली की रमीलाचा फोन येतो,
"गुडघे बोलतायत रे."
हे मी वर्गात सांगत नाही.

तास संपला. हौरानं फळा पुसला,
कोपऱ्यात 'बरोबर एक' तेवढं
तिनं ठेवलं, की राहिलं?
विचारणार होतो.
नळ्या फिरायच्या थांबल्या, मी उठलो.