रकाना

अठ्ठावीस वर्षं मी मीटर वाचले,
कोपरखैरणे, सेक्टर दोन ते नऊ.
एका खिशात टॉर्च, एका खिशात कुत्र्यांसाठी बिस्किटं.
उंबरा न ओलांडता मला घरं कळायची:
कुणी फ्रिज किती महिने बंद ठेवला,
कुणाची सून माहेरी गेली ती परतली नाही.
एकशे दहाचे चौसष्ट युनिट झाले की समजायचं.
कुणाला बोललो नाही.
आकडा वहीत लिहायचा,
आकड्याच्या आतलं जिन्यातच सोडून यायचं,
हे आमच्या डोंगरे फोरमनने शिकवलं होतं
तंबाखू मळता मळता.

मग 'जागृत शेजारी' योजना आली.
जिन्याखाली, पाण्याच्या वेळापत्रकाला लागून फलक.
एक नंबर. नाव गुप्त राहील.
सोळा खोल्यांमागे एक माणूस नेमायचा होता.
मी रिटायर, डोळे शाबूत, अक्षर बरं.
सुरुवातीला सगळे हसले.
भोईरने त्या नंबरावर पार्किंगचा राग काढला,
वरच्या मजल्याने खालच्या सुकटीच्या वासाचा.

साहेब चांगला होता, हे सांगायलाच हवं.
चहा मागवला, मला काका म्हणाला.
विचारलं एवढंच:
रात्रभर दिवा कुणाकडे जळतो?
मी म्हटलं, खोली चौदा.
खरं होतं ते.
खोटं रीडिंग मी आयुष्यात लिहिलं नाही,
कुलूप असलेल्या घराचं सरासरीनेसुद्धा नाही.

खोली चौदा म्हणजे अंजिरा सपकाळ.
नवरा कांदा-बटाटा मार्केटात थप्पीखाली गेला
त्या रात्री सेक्टरात वीज नव्हती.
निरोप अंधारातच आला.
तेव्हापासून दिवा मालवला की तिची झोप उडते.
हेही मला ठाऊक होतं.
पण फॉर्मवर रकाने चार:
खोली, नाव, वेळ, काय दिसलं.
'का' असा रकाना नव्हता,
आणि रकान्याबाहेर लिहायची मला सवय नाही.

तिचा सुदाम एकोणीस वर्षांचा.
आयता उजेड आहे म्हणून रात्री वाचत बसायचा.
मंगळवारी नेला. शुक्रवारी सोडला.
काही सापडलं नाही, असं कागदावर आहे.
आता जिन्यात मी दिसलो
की पायरीकडे बघत विचारतो,
काका, बरं आहे ना?
शिवी घातली असती
तर मी जागेवर उभा तरी राहिलो असतो.

हल्ली आमच्याकडे दहाला अंधार होतो.
कुणी सांगितलं नाही. आपोआप.
हळदीकुंकवाचं वाण बायका दारातूनच देतात.
कुकरच्या शिट्या जो तो मोजतो, आपल्याच.
चार माणसांचा जादा भात लावला
तर चौघांची नावं सांगता यायला हवीत.
विजेच्या बचतीबद्दल वॉर्डाला ढाल मिळाली.
मीच घेतली ती, स्टेजवर जाऊन.
टाळ्या वाजल्या, फार वाजल्या,
कोण किती वाजवतो तेही कुणीतरी बघत असणार.

परवा झोप येईना म्हणून
जुन्या सवयीने मीटरच्या पेटीपाशी गेलो.
चकतीचे मीटर गेले, आता लाल ठिपका लुकलुकतो.
पंधरा ठिपके पेंगुळलेले.
चौदाचासुद्धा.
म्हणजे अंजिरा आत
डोळे उघडे ठेवून पडलेली असणार.
एकच ठिपका पटापट उघडमीट करत होता.
माझा.
बायकोच्या गुडघ्यासाठी पाणी तापत होतं.

धापा टाकत वर गेलो, बटण बंद केलं.
अहो, काय झालं?
हळू बोल, मी म्हटलं.
समोरच्या दारामागे कडी
अर्धी वाजून थांबली.

सव्वाबारा.
मी वेळ पाहून ठेवली.
त्यानेही ठेवली असेल.