बुडख्यातलं पाणी

लुगूच्या उतारावर बांबू तोडला
की मागे गुडघाभर बुडखा उरतो,
वरचं पेर उघडं, पेल्यासारखं.
तैवानच्या या डोंगरात धुकं रोजचंच.
थेंब थेंब साचतो,
पानं कुजतात,
आणि दोन घोट पाणी होतं,
कोऱ्या चहाच्या रंगाचं.

ते सांडायला मला पाठवलं होतं.
डासांचा बंदोबस्त. आरोग्य खात्याचं गिरमिट,
प्रत्येक बुडख्याला तळाशी एक भोक,
वहीत एक आकडा.

बांबू तोडणाऱ्या चान खिमनं
कोयता न थांबवता विचारलं,
"रात्री आलायस कधी?"

गेलो.
तिनं बॅटरीवर तळहात धरला,
बोटांतून लालसर उजेड झिरपला.
पी… पी…
चिमटीत दाबलेल्या शिट्टीसारखं काहीतरी,
मग गप्प.
एकशे बारावा बुडखा.
काठाशी बेडकी, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी,
पाठीला शेवाळ्याचा रंग, बोटांच्या टोकांना चकत्या.
उलटी सरकत सरकत पाण्यात उतरली.

आणि तळातली काळी पोरं उसळली.
तिच्या पोटाला, मांड्यांना ढुशा देऊ लागली
थानाला लुचणाऱ्या करडांसारखी.
ती हलली नाही.
मग एकेक अंडं सोडत गेली,
ज्यातून काही जन्मायचं नव्हतं अशी,
निव्वळ जेवणाची अंडी.

"दर चार-आठ दिवसांनी येते," खिम म्हणाली.
"त्याआधी अंडी राखतो तो तिचा नवरा,
आतल्या भिंतीला चिकटून, ओली ठेवत.
माझा पत्ते खेळायचा."
आणि हसली, पुढचा दात नसलेलं.

मी म्हटलं, यांच्यासाठीच बुडखे एवढे उंच ठेवता?
"छे. कंबर वाकत नाही माझी."

वहीत एकशे बाराच्या पुढे मी लिहिलं, कोरडा.
नोकरीतलं पहिलं खोटं.

परतताना वरच्या अंगाला
पी… पी…
एकीकडून, मग दुसरीकडून,
वाट उतरत गेलो तसं विरळ,
मग कुठूनच नाही.

तिथून खाली माझेच आकडे होते,
एक ते एकशे अकरा.
एकातही मी डोकावलो नव्हतो.