अर्धा आटा

घणसोली गावात, तळ्यामागच्या आळीत,
वनिता मढवी रिक्षातून उतरली
कॉम्प्युटर मांडीवरून तसाच उचलून,
झोपलेलं पोर उचलावं तसा.
"सोळा जीबी बसवलेत. वापरण्याजोगे सात पूर्णांक नऊ म्हणतो."
मी म्हटलं, बघू.
बावीस वर्षं मी हे एकच वाक्य विकत आलोय.

बाजूचा पत्रा काढला.
धूळ, वाळलेलं झुरळ, मार्करने लिहिलेली एक तारीख,
कशाची ते तिलाही आठवेना.
दोन पट्ट्या, जुळ्या, एकाच पाकिटातून आलेल्या,
खटकन बसलेल्या, कड्या मिटलेल्या.
वरून बघता कुठे खोट नाही.

पट्ट्यांची अदलाबदल केली. दोघी शहाण्या.
मुलीच्या कंपासमधलं खोडरबर घेतलं,
त्यांचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली.
सात पूर्णांक नऊ.
विंडोजमध्ये कुणी मर्यादा घातलीय का पाहिलं. नव्हती.
बायोस नवं चढवलं, तेवढा वेळ
वीज जाऊ नये म्हणून मी पंखासुद्धा लावला नाही.
पॉइंट एक ग्राफिक्सने उसने घेतले, तो हिशेब लागतो.
पण आठ?

"नाव वाचतोय," मी म्हटलं, "दोन्हींचं. कंपनी, वेग, सगळं.
फक्त दुसरीला काम देत नाही."
ती हसली. "आमच्या आजोबांच्या मानाने बरंय की.
त्यांना साडेबारा टक्केच परत मिळाले होते,
हा पन्नास देतो."

ती गावातल्या घरांचे नकाशे काढते,
गरजेपोटी वर चढत गेलेले मजले,
भावाच्या भिंतीला टेकलेली भावाची भिंत.
अख्खा गाव एका फाइलीत आहे,
उघडली की मशीन ऊर फुटल्यासारखं घरघरतं
आणि मारुतीच्या देवळापाशी थांबतं.
माझा गाळाही त्यात आहे म्हणाली.
ऑफिसातल्या जुन्या नकाशात इथे अजून भाताचं खाचर आहे.

मी चौथ्या खाचेत टॉर्च मारून बसलो.
खाच, खाचर. काही सुचत नसलं की
माझं डोकं असल्या शब्दांशी खेळतं.

मग सहज विचारलं,
"हा पंखा कुणी बसवला?"
"भाच्याने. प्रज्योतने. मेमध्ये तापत होता म्हणून नवा आणला."
"करतो काय भाचा?"
"जिमला जातो."

चार स्क्रू. चारही असे पिळलेले
की बोर्ड एका कोपऱ्यात पोटाशी वाकलेला,
प्रोसेसर एका कुशीवर दाबलेला,
त्या कुशीखालची एखादी सुईएवढी टाचणी
पोहोचत नसणार जिथे पोहोचायला हवी.
प्रेमानेच केलं होतं पोराने.
हलू नये, पडू नये, आत्येचं काम अडू नये.

आटे ढिले झाले की माणूस कामातून गेला म्हणतात.
मी पेचकस लावला आणि अर्धा आटा सोडला.
समोरचा अर्धा. मग तिरके दोन.
फक्त अर्धा.

पडदा काळा राहिला बराच वेळ,
इतका, की मी मनात नवीन बोर्डाची किंमत काढून ठेवली.
मग पंधरा पूर्णांक नऊ.

"किती झाले?"
"तीनशे."
"ढिलं करायचे तीनशे?"
"नाही. कुठलं ढिलं करायचं, त्याचे."
तिने अडीचशे दिले.

फाइल तिथेच उघडून बघितली.
गाव आला, घरघर नाही,
देवळाच्या पुढे सरकला, तळं ओलांडलं,
आणि माझ्या गाळ्यावर येऊन ती थांबली.
"पोटमाळा राहिलाय तुमचा," म्हणाली,
पर्समधून मापाची टेप काढत.

मी शिडी धरली.
वरून तिचा आवाज आला: सहा फूट दोन.
मी तेवढंच माझ्या पावतीपुस्तकात लिहिलं,
बिलाच्या खाली.