काखेतली कांडी

बाहेर उणे बावन्न.
चहा हवेत भिरकावला तर खाली उतरत नाही.
आणि एवढी थंडी असून माझ्या कामाची नाही.
टाकीतल्यांना लागते एकशे शहाण्णवची,
ती याकुत्स्कहून विकत येते, ट्रकवरून,
नदी नीट गोठली असेल तर.

लोक हसतात. "बालागिया,
तू लेनाच्या काठावर राहून थंडी विकत घेतेस?"
घेते. पावत्या आहेत.

दर सोमवारी लाकडी पट्टी टाकीत बुडवते,
बाहेर काढून हलवते,
पांढरी रेघ उमटते तिथवर नायट्रोजन.
या सोमवारी रेघ चार बोटं खाली होती.
खालच्या डब्यात मांगासच्या बारा कांड्या,
हिरव्या, गवताच्या काडीएवढ्या,
त्यांच्यावर मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखं नाव, क्रमांक,
आणि अठरा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट.

मांगास, कपाळपांढरा.
ब्यूतुरने त्याला होडीत घालून केंद्रावर आणला होता,
तीनदा, शिंगं धरून, शिव्या देत.
पुढच्या वसंतात पाणवठ्याजवळचा बर्फ फुटला
आणि वळू खाली गेला.
दोर ब्यूतुरच्या हातात राहिला. तळवे सोललेले.

पहाटे नातीचा फोन: रात्रभर हंबरतेय,
दुसरीच्या पाठीवर हनुवटी टेकते,
पाण्याला तोंड लावत नाही.
मी टाकी जीपमध्ये दोरांनी बांधली,
सत्तर किलोमीटर नदीवरूनच गेले.

घरात थर्मासचं पाणी, सदतीस अंश.
हातमोजा काढला, चिमट्याने कांडी उचलली, पाण्यात सोडली.
म्हातारा शेजारी उभा राहून मोजू लागला,
बीर, इक्की, यूस,
चाळीसपर्यंत, मोठ्याने,
त्याला कमी ऐकू येतं म्हणून
सगळं घरच मोजत होतं.

पुसली. टोक कापलं. नळीत भरली.
घरापासून गोठा साठ पावलं.
अठरा वर्षं टिकलेलं
या साठ पावलांत मरू शकतं.

म्हणून चार झगे उघडून
नळी काखेत धरली, उघड्या कातडीला,
आणि हात दाबून चालू लागले
जणू दंडच मोडलाय.
एक पापणी चिकटली. सोडवायला हात नव्हता.
ब्यूतुर पुढे, पाठीने वारा अडवत, उलटा चालत,
माझ्या काखेकडे बघत.

गोठा शेणाने लिंपलेला, बाहेरून दगडासारखा,
आत उबदार, ओलसर, अंधारा.
क्यूरेगेय उभी होती, आचळांना केसाळ कातड्याची पिशवी बांधलेली.
नातीने शेपूट बाजूला धरली.
डावा हात आत, कोपरापर्यंत, डोळे मिटून;
या कामात डोळ्यांचा उपयोग नाही.
मग उजव्याने नळी, हळू,
आणि अंगठ्याने दांडा सारला.
एवढंच.

म्हाताऱ्याने विचारलं,
"मांगासला कळलं असेल का
किती दिवस झाले ते?"
मी म्हणाले, कमी ऐकणाऱ्याला म्हणतात तसं, ओरडून:
"माहीत नाही."
त्याने मान डोलावली.
रिकामी कांडी मागितली. नियमाने ती मला न्यावी लागते.
दिली.

वहीत लिहिलं: मांगास, शिल्लक अकरा.

मग एकवीस दिवस.
गाय उलटली तर फोन येतो,
फळली तर येत नाही,
म्हणून या धंद्यात फोन न वाजणं हीच खुशखबर.
एकविसावा गेला. बाविसावाही गेला.
तेविसाव्या रात्री वाजला. मी पट्टी हातात घेऊन
टाकीपाशीच होते. वाजू दिला.
परत वाजला.

"बालागिया, टोपी विसरलीस," ब्यूतुर ओरडला,
"कोल्ह्याच्या कातड्याची. कुत्रं घेऊन झोपतंय."
"आणि गाय?"
त्याला ऐकू आलं नाही.
"गाय!"
"नाही, नाही, कुत्रं," तो म्हणाला, "गाय गप्प आहे."