परवाना

परिषद संपली.
शालींच्या घड्या पडल्या, नारळ पिशव्यांत गेले,
बॅनर उतरवणाऱ्या पोरांनी ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाची
मधोमध गुंडाळी केली.
माझ्या निबंधाला सात मिनिटं होती.
चौथ्याच मिनिटाला सरांनी घंटी वाजवली
तेव्हा सभागृहात एकच बाई काहीतरी लिहून घेत होती.

ती यज्दहून आलेली. डॉ. परवाने.
सगळे वेरूळच्या बसमध्ये चढले, ही खालीच उभी.
म्हणाली, डोंगर काही पळून जात नाही,
तुमचं पाणी कुठून येतं ते दाखव.
स्वागत समितीत माझं नाव शेवटून दुसरं,
तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका मी,
म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

बारा वर्षं या गावात राहते,
पाणचक्कीच्या आत पाय ठेवला नव्हता.
माझ्या नकाशात रस्ते तीनच:
विद्यापीठ, मुकुंदवाडीतली खोली,
आणि जालन्याची सहा दहाची बस.

तिकीटवाला म्हणाला, कॅमेऱ्याला परवाना लागेल.
ती हसली. म्हणाली, मग मी आहेच की.
त्यांच्याकडं परवाने म्हणजे फुलपाखरू
आणि शिक्का मारलेला कागदसुद्धा.
एक उडतं,
दुसरा उडू देतो, नाहीतर देत नाही.
इथं यायच्या कागदाला तिला पाच महिने लागले होते.

हौदाच्या काठावर बसलो.
ती बोट दाखवायची, मी नाव सांगायची.
हौद म्हटलं, ती म्हणाली हौझ.
दरवाजा. दरवाझे.
बाजार, जमीन, हजार, तराजू,
सेलूच्या मोंढ्यात हमालांच्या तोंडी ऐकलेले शब्द
तिच्या तोंडात घरच्यासारखे पाय पसरून बसलेले.
मी हात फिरवून म्हटलं, शहर.
तीही म्हणाली, शहर.
आता आमच्यात परकं कोण, ते ठरेना.

मग भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्याकडं बघत तिनं सांगितलं,
आमच्याकडं जमिनीखाली पाण्याची वाट खोदणारा माणूस
पांढरे कपडे घालून उतरायचा.
अंधारात दिसावा म्हणून.
आणि वरची माती खाली आली
तर कफन वेगळं आणायला नको.
मी काही बोलले नाही.
थोड्या वेळानं मीही सांगू लागले:
हर्सूलकडून निघालेली नहर, खापराचे नळ,
वाटेत उभे केलेले बंबे,
पाणी कसं दाबानं चढतं आणि हवा कुठून सुटते.
सांगता सांगता लक्षात आलं,
हे तर माझं पाचवं मिनिट.
सहावं.
सातवं.
घंटी कुणी वाजवली नाही.

वाजला तो फोन. कौसाबाई.
“मॅडम, नळ आलाय! आठ दिसानं आलाय अन् तुम्ही कुठं हिंडलाव?”
माझा चेहरा बघून तिनं विचारलं, आब?
म्हटलं, हो, आबच.
आमच्यात तो राखायचा असतो, तुमच्यात प्यायचा.
रिक्षावाल्यानं दोनशे सांगितले.
घासाघीस करायला वेळ नव्हता.

बोळात पाइपांवर पाइप पडलेले,
मोटारींचा घुर्रर्र आवाज, कुणाची तरी बादली उलथलेली.
तिनं बाह्या वर सारल्या, ओढणी कमरेला खोचली,
पाइपाचं तोंड धरलं आणि टिपाडाशी वाकून उभी राहिली,
जसं काही पेठेतल्या सगळ्या गल्ल्या तिला पाठ आहेत.
“ह्या कोण? नवीन भाडेकरू का?”
मी म्हटलं, हो.
“मग त्यांचं टिपाड कुठंय?”

सत्तेचाळीस मिनिटं नळ चालला.
तिनं ते वहीत लिहून घेतलं, वेळ घालून,
आणि जाताना एकच फोटो काढला.

रात्री जेवणाच्या टेबलावर सगळे एकमेकांना
कैलासाचे फोटो दाखवत होते.
सरांनी विचारलं, मॅडमना काय दाखवलंत?
म्हटलं, पाणचक्की.
शेजारी तिच्या मोबाइलात कौसाबाई उभ्या होत्या,
केस पाण्यानं चापून बसवलेले, हसू आवरलेलं,
आमच्या तिसऱ्या निळ्या टिपाडाच्या झाकणावर
तळहात पसरून,
आपलं लेणं दाखवावं तशा.