डावा खांदा

टॉर्मडचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे.
हे त्याच्या आईला माहीत असेल, आणि मला.
बाकी नऊ वर्षं, साऱ्या आकाशगंगेत
कुणाच्या लक्षात आलं नाही.
मीच येऊ दिलं नाही:
अस्तराच्या आत लोकरीची एक घडी,
वरून बारीक टीप,
की कप्तान सरळ.

गोवनच्या जुन्या गोदीत आमचं अंतराळ.
जिथे माझ्या आजोबांनी खऱ्या जहाजांना रिव्हेट ठोकले
तिथे आता प्लायवुडचं यान,
त्याचा वेग वाढवायची मूठ
कुणाच्या तरी मोडक्या वॉशिंग मशीनची.
तारे म्हणजे काळ्या पडद्याला भोकं, मागे दिवे.
ती भोकं पहिल्या वर्षी मीच पाडली, दाभणाने.
तेव्हा पैसे नव्हते.
नंतर आले, पण तारे तेच राहिले.

चौदा ग्रहांवर उतरला हा माणूस.
चौदाही ग्रह डम्बार्टनपलीकडच्या एकाच दगडखाणीत,
आणि प्रत्येक ग्रहाचा चिखल
माझ्याच बादलीत धुतला गेला.

आज शेवटचा प्रसंग होता.
कप्तान मरत नाही.
लेखकांना ते जमलं नाही,
किंवा पोत्याने आलेल्या पोरांच्या पत्रांनी जमू दिलं नाही.
तो फक्त दार उघडतो, आणि जातो.
दारापलीकडे चहाचं टेबल,
टेबलाशी उभी मी, ओठांत टाचण्या धरून.

पहिल्या वेळी त्याने असं काही मागे वळून पाहिलं
की दिवेवाल्या आंगसने भर शांततेत नाक शिंकरलं.
दुसऱ्या वेळी दार अडकलं.
तीनदा विश्व वाचवलेला माणूस
प्लायवुडला खांदा लावून ढकलतोय, डावा खांदा,
आणि सगळे हसतायत, तोही,
आणि टाके उसवल्याचा आवाज मला पलीकडे ऐकू आला.
तिसऱ्या वेळी तो नुसताच गेला.
लोक जातात तसा,
किल्ल्या खिशात आहेत ना, हे चाचपत.
दिग्दर्शिका म्हणाली, हेच.

मग कोट घेऊन तो माझ्याकडे आला.
मी बोलायचं काही ठरवून ठेवलं होतं.
तो म्हणाला, "युफी, खांदा फाटला."
मी म्हटलं, "दिसतंय."
तो म्हणाला, "आता शिवायला हवाच असं नाही."
मी म्हटलं, "ठेव तिथे."
नऊ वर्षांचं एवढंच.
जाताना त्याने हीटर बंद केला, सवयीने,
मी अजून बसलेय हे विसरून.

फाटकाबाहेर गर्दी.
तिच्यात पुढे एक मुलगी, आठेक वर्षांची,
डोक्यावर खोक्याचं शिरस्त्राण,
चंदेरी कागद ओला होऊन सोलवटलेला.
खिडकीतून पाहिलं, तो तिच्यापुढे वाकला, बराच वेळ.
काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.
तिला आलं. बास.
कोटाशिवाय त्याचे खांदे स्पष्ट दिसत होते,
एक वर, एक खाली.
कुणाला काहीच वाटलं नाही.

सोमवारी मॉर्व्हन बुकॅनन येतेय.
सव्वीस वर्षांची. चांगली आहे म्हणतात. असेलच.
मापं आलीत: पाठ, बाही, गळा.
कॉलरमागची टॉर्मडच्या नावाची पट्टी उसवली
तर खाली तेवढाच एक चौकोन
पहिल्या दिवसाइतका निळा.
बाकीचा कोट इतका विटलाय
हे तोवर मला कळलं नव्हतं.

खिशात आल्याच्या बिस्किटाचा चुरा. झटकला.
बाह्या आत घेतल्या, फाटलेलं शिवलं.
मग ती लोकरीची घडी काढायला
खांद्याच्या अस्तरात कात्रीचं टोक घातलं,
आणि तसंच बाहेर काढलं.

तिचे खांदे सरळ असतील
तर एका बाजूला अर्धा इंच जास्त पेलावं लागेल.
पेलेल.
नाहीच जमलं तर सांगेल सोमवारी,
मग काढू.